निनावी तलवार

नॉर्ग हे चाच्यांचे गाव. समुद्राकाठच्या एका लांबलचक गुहेतून वाट काढत तिथे पोचावे लागते. वाटेत ठिकठिकाणी हिंस्र प्राणी दबा धरून बसलेले असतात. एवढे सारे सोसून जो नॉर्गपर्यंत येतो त्याला सोनेनाणे नको असते, गलबतही नको असते. त्याला तलवार हवी असते. गावात तलवार घडवून देणारा एक जण आहे. पण पैसे मोजले आणि तलवार उचलली, असा त्याचा व्यवहार नाही. तो आधी दोन वस्तू आणायला सांगतो. एक विशिष्ट जातीचे पोलाद आणि एका पवित्र झाडाची फांदी. पोलाद मिळवायचे तर आगीच्या गोळ्यासारख्या प्राण्याशी झुंजावे लागते. फांदी तोडायला जावे तर झाडाचा राखणदारच अंगावर येतो. दोन्ही वस्तू घेऊन धापा टाकत परत यावे, तर तो शांतपणे सांगतो की तीन दिवसांनी ये.

नॉर्ग कोणत्याही शाळेच्या नकाशात सापडणार नाही. ते ‘फायनल फॅन्टसी-११’ या जपानी संगणक-खेळातले गाव आहे. खेळातल्या या जगाचे नाव व्हानादील. तिथले घड्याळ आपल्या घड्याळाच्या पंचवीस पट वेगाने पळते. तिथला एक दिवस म्हणजे आपली ५७ मिनिटे आणि ३६ सेकंद. म्हणजे तलवारीसाठी जे तीन दिवस थांबायचे ते आपल्याकडचे २ तास, ५२ मिनिटे आणि ४८ सेकंद. तेवढ्या वेळात कुणी दुसरी कामगिरी उरकून येतो, कुणी जेवून घेतो, कुणी सरळ झोपून सकाळी उगवतो. घाई करून काहीही उपयोग नसतो. तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

शेवटी तलवार हातात पडते. तिचे नाव ‘मुमेइतो’. जपानी तलवारकार आपले नाव तलवारीच्या मुठीत दडलेल्या भागावर कोरतात. ज्या पात्यावर असे नाव नसते त्याला ‘मुमेइ’ म्हणतात. तेव्हा मुमेइतो म्हणजे निनावी तलवार. एवढ्या खटाटोपानंतर जी मिळते तिच्यावर कुणाचेही नाव नाही! आणि ती मिळाल्यावर खेळाडू ‘सामुराई’ होतो खरा, पण पहिल्या पायरीवरचा सामुराई. आधी दुसऱ्या कुठल्या तरी विद्येत तो निदान तिसाव्या पायरीपर्यंत चढलेला असतो, कारण त्याशिवाय ही वाट उघडतच नाही. आता पुन्हा श्रीगणेशा.

ज्या घरात असा एखादा सामुराई राहतो त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच दृश्य दिसते. मुलगा किंवा मुलगी तासन्‌तास पडद्यासमोर बसलेली, ताट वाढलेले आणि ‘दोन मिनिटं थांब’ हे ठरलेले उत्तर. पडद्यापलीकडे नेमके काय चालले आहे, हे समजून घेतले तर ती दोन मिनिटे कशाची असतात, याचा थोडा उलगडा होतो.

बहुरूप्यांचे जग

‘फायनल फॅन्टसी-११’ जपानमध्ये १६ मे २००२ रोजी प्लेस्टेशन-२ या यंत्रावर सुरू झाला. स्क्वेअर या जपानी कंपनीने तो केला. पुढच्याच वर्षी ही कंपनी एनिक्स या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. या मालिकेतला पहिला खेळ १९८७ चा. पण आधीचे सगळे खेळ एकट्याने घरी बसून खेळायचे होते. अकराव्यात हजारो माणसे दूरध्वनीच्या तारांतून एकाच जगात येऊ लागली. दरमहा वर्गणी भरायची, एक रूप घ्यायचे आणि त्या जगात वावरायचे.

याला ‘भूमिका-खेळ’ म्हणतात. बहुरूपी जसा आज पोलीस, उद्या साधू होतो, तसा इथे खेळाडू एक सोंग घेतो आणि ते निभावतो. कुणी मार झेलणारा योद्धा होतो, कुणी जखमा भरून काढणारा शुभ्र वस्त्रांतला मांत्रिक, कुणी आग-विजेचे मंत्र टाकणारा, कुणी चोर. सुरुवातीला सहाच विद्या खुल्या असतात. बाकीच्या कष्टाने मिळवायच्या. सामुराई त्यांपैकीच एक. २००३ साली खेळाला जी पहिली मोठी जोड मिळाली तिच्यातून तो आला. त्याच जोडीतून निन्जा, भालाईत ड्रॅगून आणि देवतांना पाचारण करणारा मांत्रिक हेही आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हा खेळ अमेरिकेत पोचला आणि पुढच्या वर्षी युरोपात. गंमत अशी की कंपनीने जपानी, अमेरिकन आणि युरोपीय खेळाडूंना वेगवेगळ्या जगांत विभागले नाही. सगळे एकाच मैदानात. मग बोलायचे कसे? त्यासाठी खेळातच एक तयार शब्दसंग्रह ठेवला. ‘नमस्कार’, ‘मदत करता का’, ‘आभारी आहे’ असे नेहमीचे शब्द त्यातून निवडले की समोरच्याला ते आपोआप त्याच्या भाषेत दिसत. तोक्योतल्या कारकुनाला आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला एकमेकांची भाषा अजिबात येत नसूनही ते शेजारी शेजारी उभे राहून लढत.

थेंबे थेंबे तळे साचे

सामुराई म्हटले की चित्रपटातला तो वीर आठवतो, विजेसारखी तलवार फिरवून दहा जणांना लोळवणारा. खेळातला सामुराई मात्र वेगळा आहे. त्याचे सारे बळ साठवणीत आहे.

खेळात प्रत्येक योद्ध्याजवळ एक अदृश्य कोठी असते असे समजा. शत्रूवर साधा वार बसला की कोठीत थोडी भर पडते. भर १००० झाली की एक मोठा, नावाचा वार करता येतो आणि कोठी रिकामी होते. न वापरता राखून ठेवले तर भर ३००० पर्यंत जाते. हा नियम सगळ्यांनाच लागू आहे. पण सामुराईची कोठी इतरांपेक्षा लवकर भरते. प्रत्येक वाराचे चीज तो अधिक करतो, ही त्याची उपजत देणगी.

दुसरी देणगी त्याहून विलक्षण. त्याला ‘ध्यान’ करता येते. तलवार न फिरवता, कुणाला स्पर्शही न करता, लढाईच्या ऐन गर्दीत तो मन एकाग्र करतो आणि कोठी आपोआप भरत जाते. ‘तिसरा डोळा’ नावाची आणखी एक विद्या आहे. तिच्यामुळे शत्रूचा पुढचा वार त्याला आधीच कळतो आणि तो टळतो. पुढे २००६ च्या सुमारास त्याला दोन पवित्रे मिळाले, ‘हास्सो’ आणि ‘सेइगान’. पहिला चढाईचा, दुसरा बचावाचा. ही नावे जपानी तलवारविद्येत खरोखरच आहेत. हास्सोमध्ये तलवार उजव्या खांद्याशी उभी धरतात, सेइगानमध्ये तिचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर रोखतात. खेळाचा नियम असा की एका वेळी एकच पवित्रा. चढाईही हवी आणि बचावही हवा, असे दोन्ही डगरींवर हात ठेवणे सामुराईला जमत नाही.

आणि शेवटचे अस्त्र म्हणजे ‘मेइक्यो शिसुई’. शब्दशः अर्थ, लख्ख आरसा आणि स्तब्ध पाणी. मूळ कल्पना प्राचीन चीनमधल्या च्वांग-त्झू या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातली. वाहत्या पाण्यात चेहरा दिसत नाही, स्थिर पाण्यातच दिसतो. मनाचेही तसेच. खेळात हे अस्त्र वापरले की सामुराईची कोठी क्षणात तुडुंब भरते आणि तो एकामागून एक तीन मोठे वार करू शकतो. मूळ नियमाप्रमाणे एकदा वापरल्यावर पुन्हा दोन तास ते मिळत नसे. त्यामुळे ते कधी काढायचे, याला फार महत्त्व. घाईघाईने उधळून टाकणारा पुढच्या संकटात रिकाम्या हाताने उभा राहतो.

महिन्याचा पगार हाती आल्या आल्या खर्च करणारा आणि अडीअडचणीसाठी गाठीला बांधणारा, यांतला फरक प्रत्येक घराला माहीत असतो. खेळातला सामुराई दुसऱ्या जातीचा.

साखळीतली कडी

पण साठवून ठेवलेले बळ वापरायचे कधी? इथे खेळाचा खरा गाभा येतो.

व्हानादीलमध्ये सहा जणांचा एक चमू असतो. दोन योद्ध्यांनी ठरावीक प्रकारचे मोठे वार काही सेकंदांच्या अंतराने, योग्य क्रमाने केले, तर दोन्ही वारांच्या मिलाफातून तिसराच एक स्फोट होतो. जपानीत याला ‘रेनकेई’ म्हणतात, म्हणजे साखळी किंवा एकमेळ. त्या स्फोटाचा प्रकाश मावळायच्या आत मांत्रिकाने जुळणारा मंत्र टाकला तर त्याचाही जोर वाढतो. तिघांनी वेळ साधली की जो शत्रू एकेकट्याला दाद देत नव्हता तो वाकतो.

यात पहिल्या माणसाने उतावीळपणे वार करून टाकला, दुसऱ्याची कोठी अजून भरली नव्हती, तर साखळी तुटते. म्हणून चमूत सतत विचारपूस चालते. तुझे झाले का? माझे झाले. तू आधी, मी नंतर. सामुराईची कोठी लवकर भरते, ध्यानाने ती हवी तेव्हा भरता येते, म्हणून साखळीत त्याची किंमत मोठी. पण किंमत मोठी याचा अर्थ असा की त्याला सर्वांत जास्त थांबावे लागते. त्याचे केव्हाच तयार असते. तो सोबत्याची वाट पाहत उभा असतो.

शिवाय हार महाग पडते. या खेळात मरण आले की कमावलेला अनुभव वजा होतो. फार वजा झाला तर माणूस एक पायरी खालीसुद्धा घसरतो. एकाच्या चुकीने सहाही जणांची संध्याकाळ वाया जाऊ शकते. त्यामुळे खेळाडू एकमेकांची भरवशाची माणसे हेरून ठेवत. कोण वेळेवर येतो, कोण अर्ध्यातून पळतो, कोण हरल्यावर दुसऱ्यावर खापर फोडतो, हे लवकरच कळे. प्रत्यक्षात एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांत पत निर्माण होई. निनावी तलवारीवर नाव कोरले जाते ते असे.

सुरुवातीच्या वर्षांत चांगला चमू जमायलाच कधी कधी तासाहून अधिक वेळ लागे. गावाच्या वेशीपाशी ‘मला सोबत घ्या’ अशी खूण लावून खेळाडू बसून राहत. पुढे २०१३ च्या डिसेंबरात संगणकच चालवेल असे सोबती बोलावण्याची सोय झाली आणि ही प्रतीक्षा बरीच कमी झाली. सोय झाली खरी, पण संगणकाच्या सोबत्याला ‘तुझे झाले का’ असे विचारावे लागत नाही.

खरा सामुराई कुठे होता?

खेळातला हा सामुराई इतिहासातल्या सामुराईशी किती जुळतो? पूर्ण नाही, पण अगदीच परकाही नाही.

सामुराई हे मुळात घोड्यावरून बाण मारणारे योद्धे होते. त्यांच्या जीवनमार्गाला जुन्या काळी ‘धनुष्य आणि घोड्याचा मार्ग’ असेच म्हणत. तलवार कमरेला असे, पण लढाईतले पहिले हत्यार ती नव्हती. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून शस्त्र बाळगणारा आणि न बाळगणारा ही रेघ ठळक झाली. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची राजवट सुरू झाली आणि पुढची अडीचशे वर्षे देशात बहुतांशी शांतता होती. लढायाच नाहीत, तर योद्ध्यांनी करायचे काय? बरेच सामुराई सरदारांच्या कचेऱ्यांत हिशेब लिहू लागले, कालवे आणि कोठारे सांभाळू लागले. त्यांचा पगार तांदळाच्या मापात ठरलेला असे. कमरेच्या दोन तलवारी हे त्यांच्या दर्जाचे चिन्ह होते. कित्येकांची तलवार आयुष्यात एकदाही रक्ताला लागली नसेल.

१८६८ मध्ये ती राजवट संपली आणि १८७६ मध्ये नव्या सरकारने सर्वसामान्य सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. पुढच्याच वर्षी सत्सुमा प्रांतातल्या असंतुष्ट सामुराईंनी उठाव केला आणि तो मोडून काढण्यात आला. तिथे एका वर्गाची कहाणी संपली, पण दंतकथा सुरू झाली. इनाझो नितोबे यांचे ‘बुशिदो’ हे पुस्तक १९०० साली इंग्रजीत निघाले आणि सामुराईचा आचारधर्म साऱ्या जगाला माहीत झाला. पुढे अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ १९५४ मध्ये आला. गरीब शेतकऱ्यांनी दरोडेखोरांपासून रक्षण करण्यासाठी आणलेले सात योद्धे. त्यांतले चार मरतात, तीन उरतात. त्या चित्रपटातही एकटा वीर जिंकत नाही. जिंकतात ते एकमेकांवर विसंबलेले सात जण आणि त्यांच्या मागचे गाव.

संगणक-खेळांत सामुराई आला तो मात्र अमेरिकेतून! १९८१ साली दोन अमेरिकन तरुणांनी ‘विझर्ड्री’ नावाचा खेळ केला. त्यात सामुराई ही एक दुर्मीळ विद्या होती. ज्याचे गुण फार वरचे असतील त्यालाच ती मिळे. त्या खेळातल्या प्रसिद्ध तलवारीचे नाव ‘मुरासामा’. जपानमध्ये मुरामासा नावाचा खराखुरा तलवारकार होऊन गेला, त्याच्या नावातली अक्षरे तिथे उलटसुलट झालेली. हा खेळ जपानमध्ये अतोनात लोकप्रिय झाला. परदेशात गेलेला मुलगा थोडे वेगळे उच्चार घेऊन घरी परतावा तसा सामुराई आपल्याच देशात परतला. १९९२ च्या ‘फायनल फॅन्टसी-५’ मध्ये तो शत्रूवर चक्क नाणी फेकून मारतो. ती युक्ती जपानी कथांतल्या झेनिगाता हेइजी या जुन्या काळच्या शोधकाची. त्यानंतर दहा वर्षांनी तो व्हानादीलच्या वेशीवर आला, तो ध्यान आणि धीर यांसकट.

घड्याळ कुणाचे?

इथवर सारे छान वाटते. पण नाण्याची दुसरी बाजू आहे आणि ती खेळ करणाऱ्यांनाही ठाऊक होती.

व्हानादीलमध्ये शिरताना खेळाडूला एक सूचना दिसते. तिचा मथितार्थ असा की या जगात फिरणे आनंदाचे आहे, पण त्यापायी तुमच्या खऱ्या आयुष्याचे नुकसान व्हावे अशी आमची इच्छा नाही. घर, मित्र, शाळा आणि काम यांना विसरू नका. दुकानदाराने स्वतःच्या दारावर असा फलक लावावा, हे नवलच. पण तो लावावासा वाटला, यातच बरेच काही आले.

२००८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका गटाने या खेळातल्या एका महाकाय शत्रूशी सलग अठरा तासांहून अधिक वेळ झुंज दिली. शत्रू मरेना. खेळाडूंना भोवळ येऊ लागली, काहींना उलट्या झाल्या. अखेर त्यांनी हात टेकले. ही बातमी जगभर गेली आणि त्यानंतर लवकरच कंपनीने नियम बदलला. तशा शत्रूशी दोन तासांपेक्षा जास्त वेळ लढताच येणार नाही. जी मर्यादा माणसांनी स्वतःहून घालायची ती शेवटी यंत्राला घालावी लागली.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात ‘खेळासंबंधीचा विकार’ समाविष्ट केला. २०१९ मध्ये ते मंजूर झाले आणि २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाले. त्यातली खूण तासांची नाही, हे पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. खेळावर ताबा राहत नाही, जेवणखाण, अभ्यास, नाती या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ ठरतो, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही तो सुटत नाही, आणि हे साधारणपणे वर्षभर चालते, तेव्हा त्याला विकार म्हणतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी मित्रांसोबत सामुराई होणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. ज्याने मित्र, शाळा आणि झोप सोडली त्याला मात्र रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेण्याची गरज असते.

सामुराईची सारी विद्या संयमाची. पण ती पडद्यावरच्या पात्राला येते, खुर्चीतल्या माणसाला आपोआप येत नाही. पात्र हवा तेव्हा वार राखून ठेवते. खुर्चीतल्या माणसाला ‘आज एवढेच’ म्हणायला स्वतःच शिकावे लागते.

हिम, चंद्र आणि फुले

याच मालिकेतला चौदावा खेळही अनेकांनी मिळून खेळायचा. २०१० साली तो आला आणि सपशेल आपटला. कंपनीने तो नव्याने घडवून २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आणला, आणि मग तो चालला. त्यात सामुराई आला जून २०१७ मध्ये. या सामुराईची साठवण आणखी देखणी आहे. ठरावीक क्रमाने वार केले की त्याच्याजवळ एकेक खूण जमा होते. एक हिमाची, एक चंद्राची, एक फुलाची. तिन्ही जमल्या की तो क्षणभर थांबतो आणि मग एकच मोठा वार करतो.

हिम, चंद्र आणि फुले हे त्रिकूट जपानी माणसाला लहानपणापासून परिचयाचे. त्याचे मूळ चीनमधल्या बाय जुयी (७७२–८४६) या कवीच्या एका कवितेत आहे. दूर असलेल्या जुन्या मित्राची आठवण काढताना त्याने या तीन गोष्टी एकत्र आणल्या. यासुनारी कावाबाता यांनीही १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात या कल्पनेचा उल्लेख केला. सुंदर काही दिसले की ते दाखवायला जवळ कुणी असावे असे वाटते, असा त्यामागचा भाव. लढाईतल्या सर्वांत प्रखर वाराला मित्राच्या आठवणीचे नाव मिळावे, हे योगायोगाने झाले असेल किंवा हेतुपुरस्सर. पण ते शोभते.

याच चौदाव्या खेळाच्या निमित्ताने जपानमध्ये एक हकिगत गाजली. खऱ्या घडलेल्या गोष्टीवर २०१७ मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि २०१९ मध्ये चित्रपट. नाव ‘प्रकाशाचे बाबा’. एका घरातले वडील नोकरी सोडून घरी बसतात. मुलाचे आणि त्यांचे वर्षानुवर्षे धड बोलणे नाही. लहानपणी मात्र दोघे मिळून याच मालिकेतला जुना खेळ खेळत असत. मुलगा वडिलांना नवा खेळ आणून देतो आणि स्वतः अनोळखी खेळाडूचे रूप घेऊन त्यांचा मित्र होतो. वडिलांना पत्ता नाही. एखादा भयंकर शत्रू दोघांनी मिळून हरवायचा आणि मगच आपली ओळख द्यायची, असा मुलाचा बेत. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी जे बोलता येत नव्हते ते पडद्यावरच्या जगात बोलता येऊ लागते.

प्रत्येक घरात असे नाट्य घडणार नाही, घडायला हवे असेही नाही. पण यातून एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे. या खेळांत ‘जरा थांब’ असे म्हणून सारे गोठवून ठेवण्याची कळ नसते. एकट्याचा खेळ मध्येच थांबवता येतो. सहा जणांची लढाई एकाला जेवायला हाक आली म्हणून थांबत नाही. तो उठला तर उरलेले पाच हरतात, त्यांचे कष्ट वजा होतात आणि भरवशाचा माणूस म्हणून त्याची पत जाते. ‘दोन मिनिटं’ हे उत्तर नेहमीच टोलवाटोलवी नसते. कधी कधी ते सोबत्यांना दिलेल्या शब्दाचे ओझे असते.

म्हणून हाक मारण्याची वेळ बदलून पाहावी. लढाई सुरू झाल्यावर ओरडण्यापेक्षा ती सुरू होण्याआधी विचारावे. आज किती जण आहात? किती वेळ लागेल? साडेआठला जेवायचे आहे, त्याच्या आत संपेल ना? ज्याला सामुराईचा खेळ खरोखर कळला आहे त्याला हा हिशेब करता येतो. पाच सोबत्यांना दिलेला शब्द पाळणाऱ्याला आईला दिलेला शब्दही पाळता यायला हवा, आणि एवढे त्याला प्रेमाने, पण ठामपणे सांगता येते.

जपानी तलवारविद्येत तलवार उपसण्याला जेवढे महत्त्व, तेवढेच ती म्यानात परत घालण्याला. वार झाला म्हणजे काम संपले, असे तिथे मानत नाहीत. पाते हळूहळू, न बघता, नेमके म्यानात सरकते. नजर समोर, श्वास शांत. शिकाऊ आणि मुरलेला यांतला फरक तिथेच ओळखू येतो, असे म्हणतात.

साडेआठ वाजलेले असतात. पडदा काळा होतो. खुर्ची मागे सरकते आणि सामुराई हात धुऊन पाटावर येऊन बसतो. त्या वेळी त्याला एवढेच विचारावे, काय रे, जमली का आज साखळी?